द एल्डर स्क्रोल्स ३: मोरोविंड

द एल्डर स्क्रोल्स ३: मोरोविंड हा बेथेस्डा गेम स्टुडिओज या अमेरिकन संस्थेने विकसित केलेला मुक्त-विश्व रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम आहे. तो २००२ साली विंडोज व एक्सबॉक्ससाठी प्रकाशित झाला. कथानक व्हार्डनफेल या ज्वालामुखी असलेल्या काल्पनिक बेटावर घडते. बंदिवासातून मुक्त झालेला नायक सेडा नीन या बंदरगावी उतरतो. तेथून कोणत्या दिशेस जायचे, हे खेळाडूनेच ठरवायचे असते.

भ्रमंती

या खेळातील साहसाचे मूळ लढाईपेक्षा वाट शोधण्यात आहे. उद्दिष्टाकडे नेणारा बाण पडद्यावर दिसत नाही. पात्रांनी सांगितलेल्या खाणाखुणा रोजनिशीत नोंदल्या जातात आणि पूल, ओढे, टेकड्या ओळखत पुढे जावे लागते. सिल्ट स्ट्रायडर हे महाकाय कीटकसदृश वाहन व नौका केवळ ठरावीक गावांदरम्यान चालतात. उरलेले अंतर बहुतांशी पायी कापायचे असते. सेडा नीनबाहेर एक जादूगार आकाशातून कोसळून मरतो. त्याच्याजवळची मंत्रपत्रे वापरल्यास खेळाडूही प्रचंड उडी घेऊ शकतो, मात्र जमिनीवर सुखरूप उतरण्याची सोय त्यांत नाही.

या मालिकेतील पुढील ऑब्लिव्हियन (२००६) या खेळात होकायंत्रावरील दिशादर्शक खूण व नकाशावरून तात्काळ प्रवासाची सोय आली. त्यामुळे खेळ सुकर झाला, परंतु कोणाला वाट विचारण्याचे कारण फारसे उरले नाही.