आजूबाजूला काय आहे?

१९९३ साली अमेरिकेतल्या सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आवारात भूगोलाचे एक प्राध्यापक पाठीवर भलंमोठं ओझं घेऊन चालत. ओझ्यात संगणक, बॅटऱ्या आणि जीपीएसचा रिसीव्हर, वर डोकावणारा अँटेना, कानांवर हेडफोन आणि हेडफोनच्या पट्टीवर होकायंत्र. प्राध्यापकांचं नाव रेजिनाल्ड गॉलेज. आज अंध माणसाच्या खिशातला फोन त्याला रस्ता सांगतो, त्याचं मूळ या ओझ्यात आहे.

गॉलेज मूळचे ऑस्ट्रेलियाचे. माणूस आपल्या गावाचा नकाशा डोक्यात कसा तयार करतो आणि त्यावर कसा चालतो, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. १९८४ साली, पन्नाशीच्या अलीकडेच, त्यांची दृष्टी गेली. डोक्यातल्या नकाशांवर निम्मं आयुष्य घालवलेल्या माणसाला आता फक्त तोच नकाशा उरला होता. त्याच विद्यापीठात जॅक लूमिस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. आवाज कुठून येतो हे कानाला कसं कळतं, यावर ते काम करत. उपग्रहांवरून जागा कळते, तर अंधांना वाट दाखवायला तिचा उपयोग का करू नये, ही कल्पना लूमिस यांनी १९८५ साली मांडली. तेव्हा जीपीएसचे सगळे उपग्रह वर गेलेलेही नव्हते. स्पर्श आणि स्मृती यांवर काम करणाऱ्या रोबर्टा क्लाट्झ्की तिसऱ्या. भूगोल, कान आणि स्पर्श अशा तीन विषयांची माणसं एकत्र आली म्हणूनच, मला वाटतं, या यंत्राला पहिल्यापासून वेगळं वळण लागलं.

गाडीतलं जीपीएस हुकूम सोडतं: दोनशे मीटरवर डावीकडे वळा. गाडी चालवणाऱ्याला तेवढं पुरतं, कारण बाकीचं सगळं त्याला काचेतून दिसतच असतं. लूमिस आणि गॉलेज यांच्या यंत्राने दुसराच मार्ग घेतला. ग्रंथालय उजव्या हाताला असेल, तर ‘ग्रंथालय’ हा शब्द हेडफोनमध्ये उजवीकडूनच यायचा. मान वळवली, तरी आवाज जागचा हलायचा नाही, कारण डोकं किती फिरलं ते होकायंत्र संगणकाला कळवत असे. म्हणजे इमारतीच जणू आपापल्या जागेवरून नाव सांगायच्या. या पद्धतीची त्यांनी साध्या बोली सूचनांशी तुलना करून पाहिली. जागेवरून येणाऱ्या आवाजाच्या मदतीने लोक जास्त नीट चालले, आणि त्यांना ती पद्धत आवडलीही जास्त.

पण एक अडचण अशी होती, की डोळस संशोधकाच्या ती कदाचित लक्षातही आली नसती. हेडफोनने कान झाकले जातात, आणि अंध माणसाचे कान रिकामे नसतात. गाडी कुठून येते, भिंत संपून गल्लीचं तोंड कुठे सुरू होतं, पुढे माणसांची गर्दी आहे की मोकळं आहे, हे सगळं कानच सांगतात. इमारतीचं नाव कळावं म्हणून ट्रकचा आवाज गमावणं कुणाला परवडणार? याचं बऱ्यापैकी उत्तर पुढे गालाच्या हाडावर टेकणाऱ्या हेडफोनने दिलं. त्यातला आवाज हाडातून आत पोचतो आणि कान उघडा राहतो. आज जीपीएस घेऊन फिरणाऱ्या अनेक अंधांच्या गळ्याभोवती तो असतो.

दुसरी अडचण आकाशातली. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की ते पोचायला लागलेल्या वेळावरून रिसीव्हर आपली जागा काढतो. पण यंत्रणा अमेरिकी लष्कराची. शत्रूने तिचा अचूक वापर करू नये म्हणून नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, आणि जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. जहाजाला शंभर मीटर म्हणजे काहीच नाही. पायी चालणाऱ्याला ती चक्क दुसरी गल्ली. म्हणून सांता बार्बराच्या मंडळींना रेडिओवरून वेगळी दुरुस्ती घ्यावी लागे. मे २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही मिसळलेली चूक काढून टाकली गेली. एका रात्रीत जगभरचे रिसीव्हर कितीतरी अचूक झाले. हा निर्णय काही अंधांसाठी घेतलेला नव्हता, पण त्यांच्या काठीला त्याने जेवढा हात दिला तेवढा त्यांच्यासाठी म्हणून काढलेल्या किती योजनांनी दिला असेल, शंकाच आहे.

विद्यापीठातली वस्तू बाजारात आली ती मात्र दुसऱ्या वाटेने. कॅलिफोर्नियातच आर्केनस्टोन नावाची संस्था होती. तिने अंधांसाठी छापील मजकूर वाचणारी यंत्रं बनवली होती. नव्वदच्या दशकात तिने बोलणारा नकाशा काढला. संगणकावर बाणांची बटणं दाबत गल्लीबोळांतून हिंडता येई. त्याला जीपीएस जोडायचेही प्रयत्न झाले, पण ते यंत्र विक्रीला आलं नाही. तिथे काम करणारे माईक मे यांनी ते सोडून दिलं नाही. वयाच्या तिसऱ्या वर्षी एका स्फोटात त्यांचे डोळे गेले होते. पुढे ते बर्फावरून अतिवेगाने घसरण्यात नामांकित झाले, म्हणजे भिडस्त गृहस्थ नव्हेत. त्यांनी सेंडेरो नावाची स्वतःची कंपनी काढली, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत ब्रेल नोंदवहीसारख्या छोट्या उपकरणावर बोलणारं जीपीएस मिळू लागलं. त्याच सुमारास कॅनडात क्वेबेकमध्ये ट्रेकर नावाचं तसंच उपकरण आलं. गूगल मॅप्समध्ये पायी जाणाऱ्यांसाठी मार्ग दाखवण्याची सोय २००८ सालची. नकाशाकडून रस्ता ऐकत पायी चालण्यात अंध लोक डोळसांच्या कितीतरी पुढे होते, हे सहसा कुणी सांगत नाही.

मात्र ही सगळी उपकरणं महाग होती. म्हणून या कुळातली मला सर्वांत लोभस वाटणारी शाखा आहे ती लोडस्टोन. कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या काही अंध प्रोग्रामरनी नोकियाच्या फोनसाठी ती फुकट बनवली. खिशात ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर आणि हातात साधा नोकिया, एवढंच भांडवल. त्यात तयार नकाशा असा नव्हताच. चालता चालता माणूस स्वतः खुणा साठवायचा: हे माझं फाटक, हा बसथांबा, इथे फुटपाथ संपतो. पुन्हा तिथे आलं, की फोन त्या खुणेचं नाव, अंतर आणि दिशा सांगायचा. खुणा एकमेकांना देता यायच्या. एकाने पायाखाली घातलेली वाट दुसऱ्याच्या फोनमध्ये जायची. भारतातही त्या काळी टॉक्स नावाच्या बोलणाऱ्या प्रणालीमुळे अनेक अंधांच्या हातात नोकियाच होता.

२००९ साली आयफोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर आलं, त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये तसंच टॉकबॅक. वेगळं उपकरण घेण्याची गरज तिथेच संपत आली. २०१२ मध्ये फिनलंडहून ब्लाइंडस्क्वेअर नावाचं ॲप आलं. पुढचा चौक कोणता, हे दुकान कसलं, ठरलेलं ठिकाण घड्याळाच्या कितव्या आकड्याच्या दिशेला आहे, हे ते सांगतं. फोन हलवला की सध्याचा पत्ता बोलतं. गंमत म्हणजे वळणावळणाचा मार्ग ते स्वतः सांगतच नाही. ते काम दुसऱ्या ॲपकडे सोपवतं. आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साउंडस्केपने सांता बार्बराची मूळ कल्पनाच खिशात आणली. ठिकाणाच्या दिशेने सतत एक नाद येत राहतो, आणि तोंड बरोबर तिकडे झालं की तो बदलतो. २०२३ मध्ये कंपनीने ते बंद केलं. कोड मात्र खुला केला, म्हणून इतरांनी ते पुन्हा उभं केलं. या कुळात असे अकाली मृत्यू बरेच आहेत. नोकियावरचं स्वीडनचं वेफाइंडर ॲक्सेसही मूळ कंपनी विकली गेल्यावर बंद पडलं. पायाखालच्या वाटेचा भरवसा असा दुसऱ्याच्या हिशेबाच्या वहीवर ठेवावा लागतो, ही यातली खरी बोच.

या सगळ्यात काठीची जागा कुणी घेतली नाही, घेणारही नाही. उघड्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतं. आपल्याकडचा फुटपाथ पाच मीटर रुंद कुठे असतो? त्यामुळे आपण रस्त्याच्या या बाजूला आहोत की त्या, हेच यंत्राला छातीठोक सांगता येत नाही. उड्डाणपुलावर की पुलाखाली, हेही नाही. भुयारी मेट्रोत उपग्रह मुकेच. उघडं गटार, फुटपाथवर चढवलेली मोटरसायकल, कालच खणलेला खड्डा हे काठीलाच कळणार. आणि एका हातात काठी असली, की फोनला एकच हात उरतो. म्हणून फोन बहुधा शर्टाच्या खिशात राहतो आणि तिथूनच बोलतो.

मुंबई-पुण्यात रोजच्या प्रवासात याचा सर्वांत जास्त उपयोग चालताना होत असेल असं वाटतं, पण तो बसल्या बसल्याही तितकाच होतो. रिक्षात मॅप चालू ठेवला, की गाडी भलत्याच रस्त्याला लागल्याचं लगेच कळतं. बसमध्ये कंडक्टर गर्दीत अडकला, तरी आपला स्टॉप किती दूर आहे ते कळतं. इंग्रजी आवाज लावलेला असला, की मराठी गल्ल्यांच्या नावांची जी दुर्दशा होते ती ऐकून हसू येतं. पण रोजच्या कानाला तीही ओळखीची होते.

आपले पत्ते मुळात खुणांचेच. मारुतीच्या देवळासमोर, डेअरीच्या बाजूची गल्ली, पिठाच्या गिरणीवरून आत. डावी-उजवी सांगणाऱ्या यंत्रापेक्षा आजूबाजूला काय आहे ते सांगणारं यंत्र अशा पत्त्यांना जास्त जुळतं. फक्त ती गिरणी नकाशावर असेलच असं नाही. म्हणून लोडस्टोनवाल्यांची जुनी सवय इथे अजून कामाची आहे. दुभाजकातली फट, सोसायटीचं मागचं फाटक, रिक्षास्टँड अशा जागा स्वतः साठवून ठेवायच्या.

शेवटच्या दहा मीटरांना ‘पोहोचलात’ एवढंच म्हणून यंत्र गप्प होतं. तिथून पुढे कुणी व्हिडिओ कॉलवर स्वयंसेवकाला समोरचं दृश्य दाखवतं, तर बहुतेक जण वॉचमनला विचारतात. पूर्वी विचारावं लागायचं, ‘दादा, हा कुठला स्टॉप?’ आता विचारतात, ‘बी विंगचा जिना डावीकडे ना?’ आणि उत्तर येईपर्यंत काठी डावीकडे वळलेलीही असते.