न पाहिलेल्या लढाईचे चित्र

लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपूवर चालून गेला, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर रॉबर्ट होम हा चित्रकारही होता. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा याच मोहिमेत उतरल्या होत्या. होमने बंगळूर, सावनदुर्ग इथली दृश्ये स्वतः पाहून रेखाटली आणि १७९४ मध्ये ‘सिलेक्ट व्ह्यूज इन मायसोर’ हे पुस्तक काढले. दूरदेशीच्या लढाया विलायतेतल्या वाचकाला घरबसल्या दाखवणाऱ्या पुस्तकांचे हे एक जुने मूळ.

पण चित्रकाराने तिथे जायलाच हवे, असे कुणाला वाटत नव्हते. १७९९ मध्ये टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण पडली आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट कर पोर्टरने त्या हल्ल्याचे शंभर फुटांहून लांब चित्र लंडनमध्ये मांडले. हिंदुस्थान त्याने पाहिलाही नव्हता. लोकांनी मात्र गर्दी केली, चित्राच्या छापील प्रतीही निघाल्या.

पुढे तांब्याऐवजी पोलादी पत्र्यावर कोरीवकाम होऊ लागले. तांबे लवकर झिजते. पोलादावरून हजारो प्रती निघतात. चित्रे स्वस्त झाली, पुस्तके हप्त्याहप्त्याने विकता येऊ लागली. १८५७ च्या उठावावरचा चार्ल्स बॉलचा इतिहास अशाच कोरीव चित्रांनी भरलेला आहे. त्यातले एक चित्र फार गाजले: कानपूरच्या जनरल व्हीलरची मुलगी पिस्तूल रोखून शिपायांशी एकटी झुंजते आहे. तिने शिपायांना मारून विहिरीत उडी घेतली, अशी कथा विलायतेत पसरली होती; चित्राने तिला चेहरा दिला. १८६५ मध्ये जॉर्ज ट्रेव्हेलियनने आपल्या ‘कॉनपोर’ या पुस्तकात ती कथा खोटी ठरवली. मुलगी मुसलमानी नाव घेऊन, तिला पळवून नेणाऱ्याच्याच घरी राहत होती, असे त्याने लिहिले. तोवर त्या चित्राने आपले काम केले होते. सूड हेच कर्तव्य, असे वाचकाला वाटायला लावणारे हे चित्र मला त्या पुस्तकातले सर्वांत घातक पान वाटते. छायाचित्रेही तेव्हा निघत होती, फेलिचे बिआतोने १८५८ मध्ये उद्ध्वस्त लखनौ टिपले. पण मजकुराच्या पानात छायाचित्र छापण्याची सोय यायला आणखी बराच काळ होता. पुस्तकात सत्ता कोरणाऱ्याचीच राहिली.

त्याच १८५८ मध्ये वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्यात अडकले होते. इंग्रज फौज शहरात शिरल्यावरची कत्तल आणि लूट त्यांनी प्रत्यक्ष पाहिली आणि ती बऱ्याच वर्षांनी लिहून काढली. बॉलचा ग्रंथ उठाव शमता शमता बाजारात आला. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ छापून निघायला १९०७ उजाडले.