दंतोत्पाटन
हिरडी व जबड्याच्या हाडातील खोबणीतून दात समूळ काढण्याची शस्त्रक्रिया. खोल कीड, हिरड्यांच्या रोगाने सैल झालेला दात, दुरुस्त न होणारा तुटलेला दात आणि हाडात आडवी अडकलेली अक्कलदाढ ही तिची प्रमुख कारणे. मूळनलिका-उपचाराने (रूट कॅनाल) दात वाचत असेल, तर तो वाचवणेच योग्य.

पद्धती : क्ष-किरण चित्रात मुळांची ठेवण पाहून लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. उच्चालक या हत्याराने दात सैल करून तो चिमट्याने काढतात. अडकलेल्या दाढेसाठी हिरडीला छेद देऊन हाड कोरावे लागते. रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेह, हृदयविकार किंवा गर्भावस्था यांची माहिती दंतवैद्याला आधी द्यावी.

पश्चात काळजी : कापसाचा बोळा सुमारे अर्धा तास दाबून धरावा. पहिले 24 तास जोराने चुळा भरू नयेत. तंबाखू, मिश्री व धूम्रपान टाळावे. खोबणीतील रक्ताची गुठळी निघाल्यास तीव्र वेदना होतात. रक्त थांबेना, ताप आला किंवा सूज वाढली, तर त्वरित उपचार घ्यावेत.

सोय : उदाहरणार्थ, शहापूर तालुक्यातील वाशिंद हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील स्थानक. येथील रुग्णांना दंतोत्पाटनासाठी लोकलने मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय रुग्णालय गाठता येते. ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ आहे. मुंबई सेंट्रलला महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय (स्थापना 1933) आहे.