प्रोस्टेटची शस्त्रक्रिया आणि पाठीतली भूल

वाढलेल्या प्रोस्टेटने लघवी तुंबली, तर पूर्वी नळी घालण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि कर्जत-खालापूरच्या रुग्णाला मुंबईचे जे. जे. रुग्णालय जवळ आले. पण ही गाठ काढण्याची खात्रीची पद्धत तेव्हा तिथेही नव्हती. ती रूढ केली पीटर फ्रेयर यांनी, १९००च्या सुमारास लंडनमध्ये. त्याआधी ते भारतात सरकारी वैद्यकीय सेवेत होते, हे इथे लक्षात घेण्याजोगे.

त्या काळची भूल म्हणजे ईथर किंवा क्लोरोफॉर्म. रुग्ण बहुधा वयस्क, हृदय-फुप्फुसे थकलेली. त्यामुळे भूलच जड जाई. ऑगस्ट बिअर यांनी १८९८मध्ये पाठीतून भूल दिली आणि पुढे कमरेखालचा भाग बधिर करून शस्त्रक्रिया होऊ लागली.

पुढे आलेल्या, प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत या भुलीचा मोठा फायदा वेगळाच. धुण्यासाठी सोडलेले ग्लायसिनचे द्रावण रक्तात शिरून सोडियम घटले, तर जागा रुग्ण बरळू लागतो आणि धोका लवकर कळतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास वेदनाही कमी असतात. मात्र पाय काही काळ जड राहतात, रक्तदाब उतरू शकतो, क्वचित डोके दुखते. सलाइन वापरणारी नवी यंत्रे आल्यावर सोडियमचा धोका बराच ओसरला. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांना मात्र अनेकदा पूर्ण भूलच द्यावी लागते.