गोअन क्रेझी!

गोमंतकीय गायक, गीतकार व संगीतकार रेमो फर्नांडिस यांचा पहिला एकल अल्बम (१९८४). गाणी मुख्यतः इंग्रजी. बार्देश तालुक्यातल्या शिवोली गावी, राहत्या घरात, तो तयार झाला. गीते लिहिणे, चाली बांधणे, गाणे, वाद्ये वाजवणे, ध्वनिमुद्रण, मिश्रण, वेष्टनाची सजावट आणि विक्री ही सगळी कामे फर्नांडिस यांनी एकहाती केली. भारतीय पॉप संगीतात या अल्बमला जे स्थान आहे ते त्यातल्या गाण्यांपेक्षाही या निर्मितीच्या रीतीमुळे.

ही रीत महत्त्वाची का, हे समजायला गोव्याच्या संगीतकारांचा मागचा इतिहास पाहावा लागतो. पोर्तुगीज अमदानीत चर्चशी जोडलेल्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. या शिक्षणाच्या बळावर गोमंतकीय वादक मुंबईला गेले आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यातली ठळक नावे. संगीत दिग्दर्शकाने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवायची, तिला व्हायोलिनचे ताफे आणि ब्रासचे तुकडे जोडायचे, हे काम त्यांचे. तबकडीवर नाव मात्र दुसऱ्याचे. कोकणी पॉप गाण्यांची वाटही मुंबईवरूनच जात होती. ख्रिस पेरी आणि लॉर्ना कॉर्देरो यांची गाजलेली गाणी त्या शहरातल्या क्लबांच्या आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आधारानेच घरोघरी पोचली. गोव्यात राहून, गोव्यातच ध्वनिमुद्रण करून, स्वतःच्या नावावर अल्बम काढणे ही गोष्ट त्यामुळे साधी नव्हती.

फर्नांडिस यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी पणजीत झाला. गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले आणि त्याच काळात 'द सॅव्हेजेस' या तिथल्या नावाजलेल्या रॉक बँडबरोबर ते वाजवत असत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते युरोप आणि उत्तर आफ्रिकेत लिफ्ट मागत हिंडले आणि मग गोव्यात परतले. वास्तुविशारदाचा पेशा त्यांनी धरला नाही. त्या काळी मुंबईतल्या कंपन्यांना भारतीयाकडून इंग्रजी गाणे हवे असलेच, तर ते परदेशी गाण्याची नक्कल म्हणून हवे असे. स्वतः लिहिलेल्या इंग्रजी गाण्यांवर, तीही गोव्यातल्या रोजच्या जगण्याविषयीची असताना, पैसा लावायला कोणी तयार नव्हते.

वाट मोकळी झाली ती एका यंत्रामुळे. जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ मध्ये टॅस्कम या नाममुद्रेखाली 'पोर्टास्टुडिओ' बाजारात आणला. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात: दोन एका बाजूचे, दोन उलटवल्यावरचे. पोर्टास्टुडिओ हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरतो आणि आवाज स्वच्छ यावा म्हणून फीत दुप्पट वेगाने चालवतो. साहजिकच साठ मिनिटांची कॅसेट पंधरा मिनिटांत संपते. एका पट्ट्यावर गिटार वाजवून ठेवायची, ती कानाला लावून दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर आणखी एखादे वाद्य. मग तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवायची आणि रिकाम्या झालेल्या तीन पट्ट्यांवर आवाज भरायचे. एकदा उतरवलेले पुन्हा सुटे करता येत नाही. बेसचा आवाज कमी पडला असे मागाहून जाणवले, तर सगळे पहिल्यापासून. शिवाय प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते. अशा यंत्रावर एकट्याने अख्खा अल्बम उभा करायचा तर वाजवणाऱ्याला सगळी मांडणी आधीच डोक्यात पक्की असावी लागते, आणि या अल्बमची खरी कर्तबगारी तिथेच आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी 'नेब्रास्का' (१९८२) घरी याच जातीच्या यंत्रावर मुद्रित केला होता. पण त्यांच्यामागे बलाढ्य कंपनी उभी होती. फर्नांडिस यांना कॅसेट विकायचीही स्वतःच होती.

तिच्या प्रती काढून ते स्वतःच्या पिवळ्या स्कूटरवरून गोव्यातल्या दुकानादुकानांत पोचवत. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली होती आणि तिच्या प्रती काढायला कारखाना लागत नव्हता. याच सोयीवर महाराष्ट्रात भीमगीते, लोकगीते आणि भजने मोठ्या कंपन्यांना न विचारता गावोगाव पोचली. 'गोअन क्रेझी!' त्याच लाटेतला. इंग्रजी रॉक म्हणून त्याला वेगळ्या कप्प्यात टाकण्याची सवय समीक्षेला आहे, ती सोडायला हवी.

पुढच्याच वर्षी 'ओल्ड गोअन गोल्ड' (१९८५) आला. त्यात कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतली जुनी पारंपरिक गाणी नव्या साजात होती. दोन्ही अल्बम शेजारी ठेवून ऐकले की पहिल्यातले इंग्रजी हे गोव्याकडे पाठ फिरवून आलेले नाही, हे स्पष्ट होते. त्याच वर्षीच्या श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल' या चित्रपटात फर्नांडिस झळकले. 'पॅक दॅट स्मॅक' (१९८६) आणि 'बॉम्बे सिटी!' (१९८७) या अल्बमांनंतर नाव देशभर झाले. 'जलवा' (१९८७) हा चित्रपट, 'बॉम्बे' चित्रपटातले हिंदी 'हम्मा हम्मा' आणि 'प्यार तो होना ही था' (१९९८) यांमुळे हिंदी श्रोत्यांना त्यांचा आवाज ओळखीचा झाला. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; २०२१ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.