उजव्या बटणाची यादी

आई दळताना म्हणायची त्या अहिराणी ओव्या निवृत्तीनंतर जळगावला बसून मी संगणकावर उतरवतोय. हात जरा थरथरतो. एकदा फाइलचं नाव बदलायला माऊसचं उजवं बटण दाबलं. यादीत 'रीनेम'च्या अगदी डोक्यावर 'डिलीट' बसलेलं! पुढचा प्रश्न न वाचताच 'यस' म्हटलं. नातवानं रिसायकल बिनमधून ओव्या परत काढून दिल्या, म्हणून बरं.

त्यानंतर या यादीचं कूळ शोधलं. मास्तरकी सुटत नाही, काय करणार! 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत 'स्मॉलटॉक'मध्ये अशा याद्या माऊसच्या बटणावर उघडत. ॲपलच्या 1984च्या मॅकिंटॉशच्या माऊसला मात्र एकच बटण. घरोघरी ही यादी पोचली ती ऑगस्ट 1995च्या विंडोज 95मुळे.

गंमत अशी, की तिच्यातलं 'सेंड टू' म्हणजे निव्वळ एक फोल्डर. त्यात आपण शॉर्टकट ठेवला, की त्याचं नाव यादीत दिसतं. विंडोज 2000पासून देवनागरीची सोय झाली, त्यामुळे नाव मराठीतही चालतं. मी पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरचा शॉर्टकट तिथं ठेवला, नाव दिलं 'आईच्या ओव्या'. आता फाइलची दुसरी प्रत लगेच तिकडे जाते.

2021च्या विंडोज 11नं ही जुनी यादी 'शो मोअर ऑप्शन्स'मागे ढकलली, म्हणजे एक टिचकी जास्त. असो. परवा धुळ्याहून बहिणीनं फोनवर आणखी चार ओव्या सांगितल्या. त्याही तिकडे पाठवल्या.