खानावळीचं गोत्र

सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली या पट्ट्यात रविवारी घरची माणसं नि मित्रमंडळी तांबड्या रश्श्यासाठी किंवा अख्ख्या मसुरासाठी जिथे जमतात, तिथे अनेकदा ‘घरगुती खानावळ’ अशी पाटी असते. यातला ‘खाना’ फारसी, असं अनेकजण धरून चालतात. मला ते पटत नाही. दवाखाना, कारखान्यात ‘खाना’ शेवटी येतो, शब्दही पुल्लिंगी. खानावळ स्त्रीलिंगी, तिचं गोत्र घडणावळ, धुणावळ, दळणावळीचं. घडवण्याची मजुरी ती घडणावळ, तसे जेवणाचे पैसे ती खाणावळ. ‘ण’चं हे रूप आजही लिहिलं जातं.

मग मोबदल्याचं नाव जागेला कसं चिकटलं? ‘खानावळ लावली’ हा प्रयोग पाहा. विद्यार्थी महिन्याच्या बोलीवर जेवण ठरवतो, ते ‘लावणं’. ‘हॉटेल लावलं’ कुणी म्हणत नाही. बोलीवरून शब्द जागेवर सरकला. फिलिपिन्समधल्या साध्या भोजनगृहाला ‘तुरो-तुरो’ म्हणतात; ‘तुरो’ म्हणजे बोट दाखवणं, कारण मांडलेल्या पदार्थांकडे बोट दाखवून ताट भरून घ्यायचं. तिथे नाव गिऱ्हाइकाच्या कृतीवरून पडलं, इथे पैशांवरून. ‘न’ मात्र हिंदी ‘खाना’च्या वळणाने आला असावा, एवढं मी मान्य करतो, त्याने प्रत्यय बदलत नाही.